सहा इस्पिक: बारावा हात कुठून आणाल?

चौथा_भिडू:

ब्रिजचा विषय निघाला की गाडी बोलीवरच अडकते. कोणती कन्व्हेन्शन (बोलीतले ठरलेले संकेत) चांगली, चार नोट्रम्पला (बिनहुकमी बोलीला) उत्तर काय द्यायचं, वगैरे. बोली संपून डमी खाली आल्यावर पुढे काय, यावर फारसं कोणी बोलत नाही. म्हणून आज एकच डाव टाकतोय. बोली झालेली आहे, तिच्यावर वाद नको.

तुम्ही दक्षिण. कॉन्ट्रॅक्ट सहा इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरापैकी बारा हात करायचे. दोन्ही बाजू व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीसही मोठं आणि दंडही मोठा. पश्चिमेची उतारी: बदाम राणी.

उत्तर (डमी)
इस्पिक: राजा, गुलाम, 9, 4
बदाम: राजा, 6
चौकट: राजा, 10, 4, 2
किलवर: एक्का, 8, 3

दक्षिण (तुम्ही)
इस्पिक: एक्का, राणी, 10, 8, 5
बदाम: एक्का, 4
चौकट: एक्का, गुलाम, 3
किलवर: राजा, 7, 5

ज्यांना फक्त मेंढीकोट येतं त्यांच्यासाठी: समोरच्या भिडूची पानं (डमी) टेबलावर उघडी असतात आणि दोन्हीकडची पानं तुम्हीच खेळता. बाकी हात करणं, हुकमाने मारणं, रंग पुरवणं सगळं ओळखीचंच आहे.

टीम मॅच समजा, म्हणजे हीच पानं दुसऱ्या टेबलावरही खेळली जातात. दुसऱ्या टेबलावर ते चार इस्पिकवर थांबले आणि बारा हात केले तर त्यांना 680, तुमचा स्लॅम (बारा हातांचं कॉन्ट्रॅक्ट) झाला तर तुम्हाला 1430. फरक 750, म्हणजे 13 आयएमपी (टीम मॅचचे गुण). स्लॅम एका हाताने बुडाला तर तुम्ही उणे 100 आणि ते अकरा हातांचे 650. पुन्हा फरक 750, पुन्हा 13 आयएमपी, पण यावेळी त्यांच्या खात्यात. एका हाताने 26 आयएमपी इकडचे तिकडे होतात.

डमीतून पहिलं पान मागण्याआधी पूर्ण योजना सांगा. उत्तर मी लगेच देणार नाही.

मेंढीकोट:

मस्त धागा. मोजतो. हुकमाचे पाच, बदामचे दोन, चौकटचे दोन, किलवरचे दोन. झाले अकरा. बारावा चौकटमधूनच येणार, कारण किलवरमध्ये तिसरं पान दोन्हीकडे हरणारंच आहे.

चौकटची राणी कोणाकडे आहे एवढाच प्रश्न. पूर्वेकडे असेल तर डमीतून छोटं पान खेळून गुलाम लावायचा. पश्चिमेकडे असेल तर गुलाम खेळून सोडून द्यायचा. 50 टक्के. नाणं उडवा.

नवखी:

मी क्लबात नुकतीच शिकायला लागले आहे, चुकलं तर सांगा. हरणारा किलवर कशावर टाकून देता येणार नाही का? डमीत चौकटची चार पानं आहेत आणि हातात तीनच. म्हणजे डमीतल्या चौथ्या चौकटवर माझा किलवर जाऊ शकतो?

चौथा_भिडू:

@नवखी, चुकलेलं नाही. पण त्यासाठी आधी राणी सापडायला हवी आणि सहसा चौकट विरोधकांत 3-3 वाटलेली हवी. म्हणजे नाणं उडवणं आलंच, वर आणखी एक अट. आणि ते सगळं जमलं तर बारा नाही, तेरा हात होतात. आपल्याला बारा हवेत.

@मेंढीकोट, मोजणी बरोबर. "बारावा चौकटमधूनच येणार" हेही एका अर्थी बरोबर. फक्त चौकट *कोणी* खेळायची, यावर अजून विचार करा.

किलवरची_दुर्री:

एक क्लू देते. चौकटला हात लावू नका. अजिबात.

हुकूमदार:

दुर्रीताईंनी अर्धं उत्तर फोडलंच आहे तर उरलेलं मी सांगतो.

बदाम एक्क्याने हात जिंकायचा. हुकूम काढून घ्यायचे. बाहेर फक्त 7, 6, 3, 2 आहेत, त्यामुळे तिथे काही धोका नाही. वाटणी 3-1 (साधारण 50 टक्के) किंवा 2-2 (40 टक्के) असेल तर जास्तीत जास्त तीन फेऱ्यांत संपतात. मग बदाम राजा. दोन्हीकडचे बदाम संपले. मग किलवर एक्का, किलवर राजा. आणि आता किलवरचं तिसरं पान खेळून हात *देऊन टाकायचा*. कोणीही घेऊ दे, पूर्व किंवा पश्चिम, आपल्याला काही फरक पडत नाही.

ज्याने घेतला त्याच्याकडे आता सुरक्षित पानच नाही. चौकट खेळला तर राणी आपसूक सापडते. बदाम किंवा किलवर खेळला तर दोन्हीकडे तो रंग नाही, म्हणून डमीत हुकमाने मारायचं आणि हातातून चौकट तिर्री टाकायची.

हुकूम 4-0 नसतील तर हा डाव शंभर टक्के आहे. चौकटची राणी कुठे आहे हे शोधायची गरजच नाही.

नवखी:

थांबा थांबा. "राणी आपसूक सापडते" म्हणजे कशी? आणि बदाम आला तर मला वाटत होतं हातात हुकमाने मारावं. डमीतच का?

चौथा_भिडू:

हुकूमदारांनी दिलेलं उत्तर बरोबर आहे. @नवखी, तुमचा प्रश्न या डावाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश.

हुकूम 3-1 होते असं धरू. हुकमाच्या तीन फेऱ्या, बदामच्या दोन, किलवरच्या तीन. आठ हात झाले, त्यातले सात तुमचे. उरली पाच पानं:

डमी: इस्पिकचा एक हुकूम, चौकट राजा, 10, 4, 2
तुम्ही: इस्पिकचे दोन हुकूम, चौकट एक्का, गुलाम, 3

आता पाचही हात हवेत.

समजा पूर्व हात जिंकून चौकटचं छोटं पान खेळला. तुम्ही तिर्री टाका. पश्चिमेकडे राणी असेल तर ती लावावी लागेल, त्यावर डमीचा राजा. मग एक्का आणि गुलाम तुमचेच. पश्चिमेकडे राणी नसेल तर डमीची दश्शीच हात घेऊन जाते. पश्चिम चौकट खेळला तर याच्या उलट: डमीतून छोटं पान, पूर्वेने राणी लावली तर तुमचा एक्का, नाही लावली तर गुलाम जिंकतो. दोन्हीकडे शेवटी खेळायची संधी तुम्हाला मिळते, म्हणून राणी कोणाकडे का असेना. तीन चौकट, दोन हुकूम, पाच हात.

आता बदाम किंवा किलवर आला तर. हातात मारलं तर तुमच्या हातातला हुकूम खर्ची पडतो, जो तसाही एक हात करणारच होता. नवीन काही मिळालं नाही. डमीत मारलं तर हुकमाचा एक *जादा* हात मिळतो (पाचाऐवजी सहा), आणि त्याच वेळी हातातली तिर्री जाते. मग चौकटचे एक्का-राजा आणि हातातले दोन हुकूम. चार आणि हा एक, पाच.

म्हणजे नियम असा: ज्या हातात हुकूम कमी, तिकडे मारायचं, ज्या हातात जास्त, तिकडून हरणारं पान टाकायचं. म्हणूनच हुकूम काढताना डमीत एक तरी हुकूम शिल्लक राहतोय ना, हे आधी बघायला लागतं. चांगले चांगले खेळाडू इथे उत्साहाच्या भरात एक फेरी जास्त वाजवतात.

मेंढीकोट:

पटलं, पण मनाला लागत नाही राव. आमच्या गावाकडच्या पत्त्यांत हात मुद्दाम दिला तर भिडू उठून निघून जाईल. 😄

बरं, हुकूम 4-0 असतील तर? "शंभर टक्के" म्हणताय तिथे ही पळवाट ठेवलीच आहे.

हुकूमदार:

रास्त प्रश्न. 4-0 साधारण 10 टक्के वेळा असतात. हुकमाच्या पहिल्याच फेरीत कळतं.

चौथी फेरी वाजवली तर डमीचे हुकूम संपतात. मग वरची युक्ती लंगडी होते, कारण बदाम किंवा किलवर परत आला की हातातच मारावं लागतं. राणीचा अंदाज बांधणं आलं.

म्हणून तीन फेऱ्या खेळून थांबायचं. विरोधकाकडे एक हुकूम, डमीत एक (तो मोठा ठेवा, म्हणजे त्यावर वरचढ हुकूम टाकता येणार नाही), हातात दोन. आणि तसंच बदाम राजा, किलवर एक्का, किलवर राजा, मग तिसरा किलवर. हुकूम नसलेल्याने तो हात घेतला तर तो आधीसारखाच अडकला. हुकूमवाल्याने घेतला तर तो आपला शेवटचा हुकूम खेळून सुटतो, आणि तुम्ही पुन्हा राणीच्या अंदाजावर. पण काही गमावलेलं नाही.

धोका एकच. हुकूमवाल्याकडे बदाम किंवा किलवरचं एकच पान असेल तर तो तुमचा राजा किंवा एक्का मारेल. मग वरून किलवरचा एक हात जातोच, डाव बुडाला. मी तरी हा धोका पत्करीन. पश्चिमेने बदाम राणीची उतारी केली आहे, म्हणजे बहुतेक तिच्यामागे गुलाम आहे, एकुलती एक राणी नसावी.

किलवरची_दुर्री:

सहमत, एका दुरुस्तीसह. चारही हुकूम पश्चिमेकडे असतील तर बदामची भीती कमी, हे खरं. पूर्वेकडे असतील तर उतारीवरून त्याच्या बदामांबद्दल फार काही कळत नाही. तरी पहिल्या हाताला पूर्वेने कोणता बदाम टाकला ते आठवा. बरेच भिडू तिथे मोजणीचा किंवा आवडीचा इशारा देतात आणि तो तुम्हालाही दिसतो. फुकट माहिती आहे.

सातवी_फेरी:

उशिरा आलो. टीम मॅच आहे म्हणून हे ठीक. पेअर्स (जोड्यांची स्पर्धा) असती तर? तिथे ओव्हरट्रिकला (बोलीपेक्षा जास्तीच्या हाताला) किंमत असते. वर नवखी म्हणाल्या तसं राणीचा अंदाज बरोबर आला आणि चौकट 3-3 असली तर तेरा होतात. तुमच्या "शंभर टक्के" वाटेने तेरावा हात कधीच मिळणार नाही, किलवर दिलाच आहे.

चौथा_भिडू:

पेअर्समध्ये आधी विचार करायचा की बाकीची टेबलं कुठे असतील. दोन हातांत मिळून 32 पॉइंट (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1), दोन्हीकडे सपाट वाटणी. क्लबाच्या साध्या रात्री निम्मी टेबलं चार इस्पिकवरच थांबतील असं मला वाटतं. स्लॅम लावूनच तुम्ही अर्ध्या खोलीच्या पुढे गेलात. आता तेराव्या हातासाठी बारावा पणाला लावणं हा निव्वळ हावरटपणा. सगळेच स्लॅममध्ये असतील अशा तगड्या स्पर्धेत गणित वेगळं होऊ शकतं, पण तिथेही 50 टक्क्यांवर 3-3 च्या 36 टक्क्यांची अट लागते. मी नाही करणार.

किलवरची_दुर्री:

या डावात देवाने सगळं दिलं होतं. दोन्हीकडे दोन-दोन बदाम, तीन-तीन किलवर, भरपूर हुकूम. खऱ्या आयुष्यात इतकं नीट मांडून कोणी देत नाही. म्हणून दुसरा डाव, जिथे शंभर टक्के नाहीच. सहा नोट्रम्प. पश्चिमेची उतारी इस्पिक गुलाम.

उत्तर (डमी)
इस्पिक: राजा, 8, 3
बदाम: राजा, गुलाम, 5
चौकट: एक्का, राजा, राणी, 4
किलवर: 8, 5, 2

दक्षिण
इस्पिक: एक्का, राणी, 4
बदाम: एक्का, राणी, 10, 7
चौकट: 6, 5, 2
किलवर: एक्का, राणी, 3

इस्पिकचे तीन, बदामचे चार, चौकटचे तीन, किलवरचा एक. पुन्हा अकरा.

मेंढीकोट:

या वेळी नाणं नाही उडवत! बारावा दोन ठिकाणांहून येऊ शकतो. चौकट 3-3 असली तर डमीचं चौथं पान. नाहीतर किलवरचा राजा पूर्वेकडे असला तर राणीचा फिनेस (डमीतून छोटं पान खेळून राणी लावणं). 50 टक्के 36 पेक्षा जास्त, म्हणून फिनेस?

हुकूमदार:

"किंवा" कशाला? दोन्ही. फक्त क्रम महत्त्वाचा. आधी चौकटच्या तीन फेऱ्या. तीन वरची पानं आपलीच, त्यात हात जात नाही. 3-3 निघाली तर काम झालं, किलवरला शिवायचंही नाही. नाही निघाली तर आपण डमीतच आहोत, तिथून छोटा किलवर खेळून राणी लावायची. 36 टक्के आणि उरलेल्या 64 च्या निम्मे, एकूण 68. उलट क्रमाने आधी फिनेस केला आणि फसला, तर इस्पिक परत येतो, मग 3-3 निघाली तर डाव होतोच म्हणा, पण मधल्या वेळात...

चौथा_भिडू:

मध्येच तोडतो. आधी फिनेस फसला तरी एकच हात गेलेला असतो, बारा अजून शक्य आहेत. मग चौकट 3-3 लागली की झालं. म्हणजे या डावात दोन्ही क्रमांनी टक्केवारी तीच येते. तरीही चौकट आधीच, दोन कारणांनी. एक, 3-3 निघाली तर फिनेस न करताच बारा हात पक्के. दोन, चौकट खेळताना विरोधक काय टाकतात ते दिसतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीला कोणी किलवर टाकला तर तो उगीच टाकत नाही.

खरा फरक पडतो तो जिथे पहिली संधी हुकली की दुसरी वापरता येत नाही तिथे. उदाहरणार्थ, फिनेस फसल्यावर ज्या रंगात तुम्ही उघडे आहात तो रंग ते लगेच वाजवू शकत असतील तर. या डावात सगळीकडे अडसर आहे म्हणून वाचलो.

हुकूमदार:

मान्य. घाईत लिहिलं.

सातवी_फेरी:

कोणीतरी स्क्वीझ (विरोधकाला दोन्ही रंगांतली पानं राखता येणार नाहीत अशी कोंडी) म्हणणारच, मीच म्हणतो. सुरुवातीलाच एक किलवर हरून घ्यायचा. दोन्हीकडून छोटं पान. मग चौकट 3-3 असेल तर आहेच. नसेल, आणि चार चौकटवाल्याकडेच किलवर राजा असेल, तर सगळी वरची पानं वाजवत गेलं की त्याची गोची होते. फिनेस फसणार होता तिथेही डाव निघतो.

किलवरची_दुर्री:

वाटच बघत होते. 😀 कागदावर सुंदर. पण तो किलवर पूर्वेने जिंकला आणि त्याने पुन्हा किलवरच खेळला तर? चौकटची वाटणी कळायच्या आधी राणी लावायची की एक्का, हे तिथेच ठरवावं लागेल. एक्का लावला तर फिनेस गेला, राणी लावली आणि फसली तर डाव गेला. दोन संधी एकामागून एक घेण्याची जी चैन होती ती आपणच घालवली. पश्चिमेने जिंकला तर मात्र तुमचं बरोबर, तो किलवर खेळू शकत नाही. पण किलवरचा हात कोण घेणार हे आपल्या हातात नाही.

पहिल्या डावात हात कोणीही घेतला तरी चालत होता. इथे चालत नाही. हात सोडण्याआधी मी हाच प्रश्न विचारते.

सातवी_फेरी:

हम्म. हरलो. पण टेबलावर पूर्व घाबरट असेल तर मी करीन.

मेंढीकोट:

हे सगळं वाचून वाटतंय की मोठे लोक नशिबावर काही सोडतच नसतील.

चौथा_भिडू:

सोडतात की. 1975 ची बर्म्युडा बोल (ब्रिजची जागतिक स्पर्धा), अंतिम सामना इटली विरुद्ध उत्तर अमेरिका. शेवटी शेवटी बेलाडोना आणि गारोझ्झो ही इटलीची जोडी सात किलवरपर्यंत पोचली, म्हणजे ग्रँड स्लॅम, तेराही हात. डमीत हुकमाची पानं दोनच, एक्का आणि राणी. बाहेर राजा. फिनेस लागायला हवा, आणि राजा दोनच पानांत असायला हवा. दोन्ही झालं. बेलाडोनाने फिनेस केला, मग एक्क्याखाली राजा पडला. इटली जिंकली. त्या कॉन्ट्रॅक्टला चांगलं कोणीच म्हणत नाही. पण एकदा तिथे पोचल्यावर तो खेळला तो एकमेव मार्ग होता: जी वाटणी असेल तरच डाव होतो, ती आहे असंच धरून खेळायचं.

आणि पत्ते म्हणजे टाइमपास म्हणणाऱ्या घरच्यांना सांगा, 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये ब्रिजच्या पुरुष पेअर्सचं सुवर्ण आपल्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी आणलं. बर्धन तेव्हा साठीचे होते. गुडघे दुखत असले तरी चालणारा दुसरा खेळ दाखवा.

नवखी:

घरी सांगून झालं. 🙂 एक अडचण आहे. टेबलावर एवढा विचार करायला वेळ कुठे असतो? मी दोन मिनिटं थांबले की समोरचे काका घड्याळ बघतात.

हुकूमदार:

बघू देत. सगळा वेळ पहिल्या हाताला घ्या, नंतर पटापट खेळा. एकूण वेळ तेवढाच लागतो. आणि डमीत एकच पान असलं तरी लगेच मागू नका. उलट तेव्हाच थांबायची सवय लावा.

किलवरची_दुर्री:

ऑनलाइन ब्रिज बेसवर रोबोंबरोबर खेळा. रोबो घड्याळ बघत नाहीत.

नवखी:

धन्यवाद. पहिल्या डावावर घरी पानं मांडून बसले होते. डमीत बदाम तीन (राजा, 6, 5) आणि चौकट तीनच (राजा, 10, 4) असती तर? मला असं सुचलं: बदाम एक्का, हुकमाच्या तीन फेऱ्या, डमीत बदाम राजा, मग तिसरा बदाम हातात हुकमाने मारायचा. आता दोन्हीकडे बदाम नाही. किलवर एक्का, राजा, आणि तिसरा किलवर देऊन टाकायचा. हातात एक हुकूम, डमीत एक हुकूम, चौकट तीन-तीन. परत तेच.

चौथा_भिडू:

अगदी बरोबर, एकही पान इकडचं तिकडे नाही. आता हाच डाव हुकूम 4-0 धरून मांडा, आणि तिसरा बदाम कधी मारायचा ते सांगा.